उभ्यानं नऊ वर्षं

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज दुकानात आमचा विकास झाला. सकाळी साडेआठ ते साडेदहा. मग शटर उघडलं.

अंबरीश सेठनी भोपाळहून तनय सर नावाचा एक पोरगा बोलावला होता. वय असेल अठ्ठावीस, बुटात मोजे नाहीत. त्यानं आम्हा सात विक्रीवाल्यांना, म्हणजे पाच बाया आणि दोन माणसं, गोल उभं केलं आणि ओरडला, “बोलिए! जो मन में है, बोलिए! जो बोलता है, वही बढ़ता है!” मग सगळ्यांनी तीनदा “मैं बोलूँगा” म्हणायचं होतं. बाया “बोलूँगी” म्हणाल्या की ताल चुकून राहिला होता, म्हणून आम्हीही “बोलूँगा”च म्हटलं. बाकी दोन तास तो एकटाच बोलला.

जाताना प्रत्येकाला ही डायरी मिळाली. वर दुकानाचं नाव सोनेरी, पहिल्या पानावर सेठांचा फोटो. रोज मनातलं लिहायचं म्हणे, प्रगती दिसते. आमचे फ्लोअर मॅनेजर अनुपमजी हळूच म्हणाले की महिन्याअखेर सेठ डायऱ्या मागवूही शकतात. म्हणून मी मराठीत लिहून राहिली. अक्षरं इथं सगळ्यांनाच वाचता येतात, पण अर्थ लागायला घरात एक मराठी सासू पाहिजे. ती यांच्यापैकी कोणाजवळ नाही.

तर, मी शर्मिला खांडवे. वय अठ्ठेचाळीस. जबलपूरला कमानिया गेटजवळच्या या साड्यांच्या शोरूममध्ये नऊ वर्षांपासून सिल्कच्या काउंटरवर. मनातलं लिहायचं तर एवढंच आहे: पाय दुखून राहिले.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पूर्वी दुकानात पांढरी गादी होती. ग्राहक बसत, आम्हीही बसत होतो, साडी मांडीवरून मांडीवर जायची. मी लागली त्याच वर्षी सेठ दुबईला जाऊन आले आणि गादी गेली. काच आली, कार्पेट आलं, सहा मखमली स्टुलं आली. ती ग्राहकांसाठी. आम्ही साडेदहा ते साडेआठ उभ्या. जेवायला वीस मिनिटं, आणि मागच्या खोलीत खुर्ची एकच. तिच्यावर अनुपमजींचं जॅकेट बसलेलं असतं.

बसायची बंदी काहून, तर सेठ म्हणतात, “ग्राहक भगवान है। भगवान के सामने कोई बैठता है क्या?” मी तर रोज सकाळी देवासमोर पाट टाकून बसते. देवानं आजवर तक्रार केली नाही.

आणि मखमलीवर बसतात कोण? बायकोबरोबर आलेले नवरे. दोन-दोन तास मोबाईल बघतात, मधेच मान वर करून म्हणतात, “वो मरून वाली दिखाना।” मरून कोणती ते त्यांना ठाऊक नसतं. आपण जागे आहोत हे बायकोला कळावं म्हणून म्हणतात.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज बोलली!

सेठजवळ नाही, अनुपमजींजवळ. माणूस फार चांगला आहे. म्हणाले, “दीदी, आप तो परिवार हैं, खुलकर बताइए।” चहाही मागवला (एकच आला, तो त्यांनी घेतला). मी सगळं सांगितलं. पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा, डॉक्टरनं दिलेले घट्ट मोजे, आणि झोपताना भिंतीला पाय लावावे लागतात तेही. हे शेवटचं मी घराबाहेर आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी मान हलवून ऐकलं. विचारलं, “और किस-किसको लगता है ऐसा?” इतक्या आपुलकीनं विचारलं की मी चौघींचीही नावं सांगितली.

घरी येताना ऑटोत वाटलं, तनय सर काही अगदीच वेडा नाही. बोललं की हलकं वाटते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

योगायोग पण काय असतात. काल संध्याकाळी कॅमेरेवाला आला आणि दारावरचा एक कॅमेरा सिल्क काउंटरकडे फिरवून गेला. आणि आजपासून आम्हा पाच जणींच्या जेवणाच्या वेळा वेगवेगळ्या. दोघी एका वेळी जेवायच्या नाहीत, गर्दीचा सीझन आहे म्हणून. अनुपमजींना फार वाईट वाटून राहिलं होतं. म्हणाले, “ऊपर से ऑर्डर है दीदी।”

शेजारच्या कॉटन काउंटरवर प्रतिमा रजक असते. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे कारल्याबद्दल लिहिणं. सहा वर्षांत तिला हसताना पाहिलं नाही. ग्राहक किंमत विचारायच्या आधी तिचा चेहरा बघून पाकीट काढतात. ती आज घडी घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाली, “बात किससे कर रही हो, पहले ये देख लिया करो।”

जळते. अनुपमजी तिला ‘दीदी’ म्हणत नाहीत ना.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आमचे हे, आनंदराव, फॅक्टरीत युनियनचे सहसचिव आहेत. उद्या गेटवर सभा. तिथलं भाषण आज जेवताना आम्हा दोघींना ऐकवलं, मला आणि आमच्या पोरीला, यामिनीला. “एका कामगाराच्या अंगावर हात म्हणजे साऱ्या कामगारांच्या अंगावर हात!” म्हणताना वरणात मूठ आपटली. यामिनीनं कॉलेजचा कुर्ता पुसला.

मी पोळी वाढता वाढता म्हटलं, “आमच्याही दुकानात एक स्टूल पाहिजे होतं हो. कसं मागावं?”

“ते प्रायव्हेट आहे बाई,” हे म्हणाले. “तिथं काही होत नाही. तू कशाला उगाच?” मग भाषण पुढं सुरू. पुढचा मुद्दा नेमका महिला कामगारांचा होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सेठसमोरच बोलली.

तनय सर परत आला. पुन्हा गोल, पुन्हा उभ्यानं. “पंद्रह दिन में किसने बोला? किसमें आया बदलाव?” सगळे कार्पेटचं डिझाइन पाहत. सेठ कोपऱ्यात मखमलीवर बसलेले. तो पुन्हा म्हणाला, “यह सेफ स्पेस है!” आणि माझंच तोंड उघडलं.

“सर, हमको बैठने को स्टूल चाहिए।”

त्याला वाटलं गंमत आहे. “वाह! सफलता का स्टूल?”

“नहीं. लकड़ी का. प्लास्टिक का भी चलेगा. ग्राहक नहीं रहता तब बैठेंगे. दस घंटे खड़े रहते हैं।”

 दोघा माणसांपैकी एक जण खोकला. तनय सरनं सेठांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या कार्डाकडे; त्यावर याचं उत्तर नसावं. म्हणाला, “फीडबैक तो गिफ्ट होता है।” सेठ गोड हसले. “घर की बात है, घर में देख लेंगे।”

माझ्यानंतर कोणी बोललं नाही. पण मला स्पष्ट दिसलं, प्रतिमानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. तेव्हाही हसली नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

माझी बदली झाली. तिसऱ्या मजल्यावर, फॉल, अस्तर आणि परकराच्या गोदामात. पंखा आहे, पण त्याची पाती नाहीत. अनुपमजींनी जिन्यात थांबवून सांगितलं, “सेठ तो निकाल ही रहे थे। मैंने मनाया कि दीदी को हल्का काम दे दो।” मी दोनदा धन्यवाद दिले.

हलक्या कामाच्या चौपन्न पायऱ्या. आज सोळा वेळा चढली. ‘पीच कलर का अस्तर’ असं खालून ओरडलं की उतरायचं.

यामिनीला सांगितलं तर मोबाईलमध्ये बघून म्हणाली, “मम्मी, केरल में तो कानून है, दुकान में बैठने देना पड़ता है।” म्हटलं, मग लग्न केरळात करायला पाहिजे होतं. ती म्हणाली, “मैं सीरियस हूँ।” मी पण होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी प्रतिमा ई-रिक्षातून उतरली ती निळं प्लास्टिकचं स्टूल मांडीवर घेऊन. घरच्या न्हाणीतलं. गार्डनं विचारलं हे काय, तर म्हणाली, “पूजा का है।” तिचा चेहरा बघून त्यानं कोणती पूजा ते विचारलं नाही. चौपन्न पायऱ्या चढून तिनं ते माझ्यापुढं ठेवलं.

“बैठो।”

“आणि तू?”

मराठी तिला येत नाही, पण कळलं. म्हणाली, “मेरी उमर अभी बयालीस है।” आणि गेली. मी बसली. काय सांगू, पायातून मुंग्या निघून गेल्या की मी गेली, तेच कळेना.

अडीच वाजता अनुपमजी स्टूल घेऊन गेले. ‘बाहर का सामान’ चालत नाही म्हणे. प्रतिमाच्या पगारातून दंड कापला. तिच्या, माझ्या नाही. आणि मी दहा दिवसांपूर्वी याच डायरीत तिला कारलं म्हटलं होतं.

तरी स्टुलाचं त्यांना कसं कळलं, हे कळत नाही. मी तर फक्त अनुपमजींनाच दाखवलं होतं, तेही कौतुकानं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आता कळलं.

सेठ गोदाम बघायला वर आले. बरोबर त्यांचे साडू. माझ्याकडे बोट करून हसत म्हणाले, “यही हैं वो, जो दीवार पे टाँगें चढ़ाकर सोती हैं।” साडूही हसले. अनुपमजी मागं उभे होते. त्यांना एकदम परकर मोजायचे आठवले.

मी भिंतीची गोष्ट या दुकानात एकाच माणसाला सांगितली होती. कॅमेरा, जेवणाच्या वेळा, निळं स्टूल, सगळं एका दोऱ्यात ओवल्यासारखं समोर आलं. हे समजायला सोळा दिवस लागले. आणि मी घरी पोरीला म्हणते, तुला माणसं ओळखता येत नाहीत!

जेवायच्या सुट्टीत जिन्यावर जाऊन रडली. आपली जेवायची वेळ नसताना प्रतिमा आली. रडू नको वगैरे काही म्हणाली नाही. खालच्या पायरीवर बसली, डबा उघडला, अर्धा पराठा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “रो लिया? अब सुनो। अकेले बोलोगी तो तीसरी मंज़िल। पाँचों बोलेंगे तो इतनी मंज़िलें कहाँ से लाएगा?”

२३ नोव्हेंबर, रविवार

ठरलं होतं ते असं. भांडायचं नाही, घोषणा नाहीत. आज लग्नाची सगळ्यात मोठी गर्दी. चार वाजले की पाच जणींनी जागच्या जागी कार्पेटवर बसायचं आणि बसूनच साड्या दाखवायच्या. पहिली मी बसायची, कारण सुरुवात माझ्यापासून झाली.

मला आज खाली बोलावलंच होतं. दीक्षितपुऱ्यातलं एक मराठी कुटुंब बस्ता बांधायला आलेलं, चौदा बाया, आणि त्यांना पैठण्या समजावून सांगणारं दुसरं कोणी नाही. चार वाजले. बाकीच्या चौघींनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी? मी मोरपंखी पैठणीचा पदर हातात धरून पुतळ्यासारखी उभी. डोक्यात नुसतं: नोकरी, यामिनीची फी, कॅमेरा. चार वाजून दोन मिनिटं. तीन मिनिटं.

तेव्हा प्रतिमा बसली. कॉटनच्या ढिगाऱ्याशेजारी मांडी घालून, जशी घरी भाजी निवडायला बसावी.

मग माझेही गुडघे वाकले. धीरानं की अशक्तपणानं, खरं सांगते, मला माहीत नाही. मागोमाग बाकीच्या तिघी.

अनुपमजी पळत आले. वाकून कुजबुजले, “दीदी, उठ जाइए, सेठ देख रहे हैं।”

“देखने दीजिए,” मी म्हटलं. नऊ वर्षांत त्यांना उलट दिलेलं पहिलं उत्तर. दोनच शब्द. बोलल्यावर आत कुठंतरी गारगार वाटलं.

सेठ केबिनमधून आले. चेहरा लाल, ओठ मात्र ग्राहकांसाठी हसरे. काही बोलणार, एवढ्यात नवरीची आत्या, मखमलीवरची जाडजूड बाई, म्हणाली, “बरं झालं बसल्या बाप्पा! तासभर वर बघून बघून माझी मान आखडून गेली. आण ती मोरपंखी इकडं, मांडीवर टाक.” मग तीच स्टूल सोडून खाली आली. तिच्यामागं नवरी, नवरीची आई, मावश्या. दहा मिनिटांत अर्धं दुकान कार्पेटवर. नवरे तेवढे मखमलीवर राहिले.

आत्याबाईंना आमचा काही पुळका नव्हता. त्यांना त्यांच्या मानेची पडली होती. पण सेठांना त्यांच्यासमोर ओरडता आलं नाही, हे खरं. त्या घरानं ठरवलं होतं त्याच्या दीडपट साड्या गेल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

केबिनमध्ये बोलावणं. सेठ म्हणाले, “बैठिए।” नऊ वर्षांत पहिल्यांदा. लिहायला लाज वाटते, पण खुर्ची फार मऊ होती.

म्हणाले, चार स्टुलं येतील. मला फ्लोअर इन्चार्ज करतील, नावाचा बिल्ला, सिल्क काउंटर परत. फक्त कोण किती वेळ बसली हे मी लिहून ठेवायचं. आणि प्रतिमा महिनाअखेर जाईल. “उसका व्यवहार ठीक नहीं है। आप तो समझदार हैं।”

मी “सोचके बताती हूँ” म्हणून उठली. लगेच ‘नाही’ म्हणाली असती तर या पानावर छान दिसलं असतं. म्हणाली नाही. गोदामाचा जिना चढताना मनातल्या मनात बिल्ला लावूनही पाहिला, डाव्या खांद्यावर.

घरी सांगितलं. हे म्हणाले, “घेऊन टाक. वाटाघाटीत काहीतरी सोडावं लागते.”

“प्रतिमाला सोडू?”

“भावनेच्या भरात जाऊ नको.”

यामिनी म्हणाली, “पापा, उस दिन तो आप बोल रहे थे, एका कामगाराच्या अंगावर हात...” पुढचं वाक्य तिनं तोडक्यामोडक्या मराठीत पुरं केलं. एवढं लांब मराठी वाक्य माझ्या पोरीनं पहिल्यांदा म्हटलं असेल. यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी चहाच्या कपाखाली एक कागद. यांचं अक्षर. अर्ज! ‘सविनय निवेदन है’ पासून सुरू, मुद्दे क्रमानं, खाली पाच सह्यांची जागा. आंघोळीला जाता जाता म्हणाले, “तोंडी काही बोलू नको. आणि एकटीच्या सहीला काही किंमत नसते.” वळून पाहिलंही नाही. चोवीस वर्षांत या माणसानं मला दिलेली ही पहिली चिठ्ठी, आणि तीही सविनय निवेदन.

सह्या झाल्या पाच. दोघा माणसांपैकी एकानं सहावी केली. दुसरा म्हणाला, बाकी सगळ्यांनी केल्यावर करीन. त्याला दाखवलं की बाकी सगळ्यांनी केल्या आहेत. तो विचार करून राहिला आहे.

कागद घेऊन केबिनमध्ये गेली. बसा म्हणाले, बसली नाही.

“पाँचों के लिए स्टूल। और प्रतिमा कहीं नहीं जाएगी।”

“और नहीं माना तो?”

“तो सिल्क भी आप ही दिखाइए।”

“बाहर बहुत लड़कियाँ हैं काम माँगने वाली।”

“हाँ जी। उनके भी पैर हैं।”

हे मी कुठून बोलली, मला माहीत नाही. तयार केलेलं नव्हतं. बाहेर येऊन पाचही जणी बसलो, यावेळी हात मांडीवर ठेवून, साडीला न लावता. सेठ म्हणाले, सगळ्यांचा हिशोब करून टाका. एक तास गेला. वाटलं, उठून माफी मागावी. प्रतिमानं तेवढ्यात माझ्या पदराचं टोक आपल्या गुडघ्याखाली दाबून ठेवलं. मुद्दाम की चुकून, विचारलं नाही.

बारा वाजता दोन लग्नांची माणसं एकदम आली. अनुपमजी स्वतः काउंटरवर गेले. कांजीवरम उघडली, छान उघडली. मग दुसरी, तिसरी. घडी घालायची वेळ आली आणि बाप्पा! एक टोक दातात, एक बगलेत, जरीत घड्याळ अडकलेलं. गिऱ्हाइकातली एक म्हातारी म्हणाली, “बेटा, छोड़ दे, फट जाएगी।” साडेबाराला सेठनी फर्निचरवाल्याला फोन लावला. माझ्याजवळून जाताना म्हणाले, “स्टूल आ रहे हैं। लेकिन ये आइडिया मेरा था, पहले से सोच रखा था।”

“जी,” मी म्हटलं. ठेवा तुमच्याजवळ.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. बसायला मिळालं की लिहायला सुचत नाही, असं दिसते.

पाच स्टुलं आली. प्रतिमा आहे. दारात बोर्ड लागला आहे, ‘हमारा परिवार, हमारा सम्मान’, त्यावर सेठ आमच्या स्टुलावर बसलेले. डायऱ्या कोणी मागितल्याच नाहीत. तनय सरनं मोबाईलवर व्हिडिओ टाकला: त्याच्या दोन सत्रांनी जबलपूरच्या शर्मिला दीदींचं आयुष्य कसं बदललं, सर्वांत आधी त्या कशा निर्भयपणे बसल्या. माझा फोटो त्यात गोरा केला आहे. अनुपमजी पुन्हा ‘दीदी’ म्हणतात. मी आता त्यांच्याशी फक्त हवामानावर बोलते. आणि बसायच्या आधी अजूनही माझी नजर कॅमेऱ्याकडे जाते, दर वेळी. ती सवय जायला किती दिवस लागतील कोणास ठाऊक.

आज दुपारी समोरच्या चपलांच्या दुकानातली बाई आली. चाळिशीची, गळ्यात त्या दुकानाचं कार्ड. कॉटनची साडी बोटांनी चाचपत किंमत विचारली, उत्तर ऐकलं नाही. मग हळूच म्हणाली, “दीदी, आप लोग सच में बैठती हैं? ग्राहक के सामने?”

“हाँ।”

“हम छह हैं। मैंने वो वीडियो देखा। आप पहले बैठीं, डर नहीं लगा?”

“पहले मैं नहीं बैठी,” मी म्हटलं. “ये बैठी थी। मैं तो साड़ी पकड़के खड़ी थी, पुतले जैसी।”

प्रतिमा घडी घालून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, “पहली तो कोई भी बैठ जाती है, पैर दुखते हैं तो। दूसरी न बैठती तो मेरी नौकरी उसी दिन गई थी।”

 बाईनं साडी घेतली नाही. रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेली, काउंटरमागं जागेवर उभी राहिली. काचेतून मला दिसून राहिलं होतं: गिऱ्हाईक नव्हतं, आणि ती एकेक करून आपल्या पाचही जणींचे चेहरे बघून राहिली होती.